ऐतिहासिक प्रणयकादंबरीतील भूत आणि डहाणू-तलासरीचा लग्नमंडप

प्रस्तावना

ऐतिहासिक कादंबरी, प्रणयकथा आणि भूतकथा हे तीन साहित्यप्रकार आपण अभ्यासक्रमात वेगवेगळे शिकवतो. पहिल्याला विद्यापीठीय प्रतिष्ठा आहे. दुसऱ्याकडे किंचित कौतुकाने आणि किंचित उपहासाने पाहण्याची रीत आहे. तिसरा प्रकार तर विद्यार्थ्यांनी फावल्या वेळात वाचावा आणि प्राध्यापकांनी वाचल्याचे सांगू नये, अशा योग्यतेचा मानला जातो. वस्तुतः या तिघांचे जन्मस्थान एकच आहे. होरेस वॉलपोल यांची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी 1764 च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखकाने ती एका जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर असल्याची बतावणी केली होती. जुना किल्ला, मोडलेले लग्न आणि पूर्वजाचा अन्याय उघड करणारे भूत हे तिन्ही घटक त्या एका पुस्तकात एकत्र आलेले आहेत. वॉल्टर स्कॉट यांनी पुढे इतिहासाला अधिक विश्वसनीय रूप दिले. परंतु पछाडलेली घरे व शापित विवाह यांचा मोह त्यांनाही आवरला नाही.

मराठी भाषकाला हा संबंध उलगडून सांगण्याची फारशी आवश्यकता भासू नये. ‘भूत’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘होऊन गेलेले’ असा आहे. भूतकाळ आणि भूत यांच्यासाठी आपल्याकडे एकच शब्द आहे.

प्रस्तुत लेखात इतिहास, प्रणय आणि भूत एकत्र आणणाऱ्या कादंबरीचा विचार पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांच्या संदर्भात केला आहे. या परिसराची निवड केवळ स्थानिक अभिमानातून केलेली नाही. या भूमीवर अशी एक कादंबरी इंग्रजीत लिहिली गेली आहे, आणि मराठी कादंबरीने आपल्या आरंभकाळी ज्या सामग्रीचा अभाव असल्याची तक्रार केली, ती सामग्री येथे होती.

रिसबुडांची अडचण

मराठी कादंबरीच्या आरंभाचे तीन टप्पे सर्वपरिचित आहेत. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ 1857 मध्ये, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 मध्ये आणि रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ 1871 मध्ये आली. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती याच तीन कृतींपासून मोजल्या आहेत. पहिली सामाजिक वास्तवाची, दुसरी अद्भुतरम्य आणि तिसरी ऐतिहासिक. आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरी आणि तिसरी महत्त्वाच्या आहेत, आणि त्यांच्यामधील सांधा दाखविणारा एक मजकूर या दोहोंच्या मध्ये येतो. तो म्हणजे नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ (1868) या आपल्या कादंबरीला लिहिलेली प्रस्तावना.

रिसबुडांचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या हिंदू लोकांत विवाहाच्या ज्या चाली आहेत त्यांमुळे व अन्य काही कारणांमुळे आपल्या आयुष्यात मनोरंजक असे गुणही नाहीत आणि दुर्गुणही नाहीत. नित्य अनुभवास येणाऱ्या गोष्टीच लिहिल्या, तर त्यांत वाचकाला गुंतवून ठेवण्याजोगे काही सापडणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहावयाचे झाल्यास अद्भुताचा आश्रय घेणे भाग पडते.

ही प्रस्तावना मराठी समीक्षेत वारंवार उल्लेखिली जाते, पण बहुधा वास्तववादाच्या अभावाचा कबुलीजबाब म्हणून. माझ्या मते तिच्यातील खरा शब्द ‘विवाह’ हा आहे. बालविवाहाच्या समाजात प्रेम करण्याचे वय येण्यापूर्वीच लग्न उरकलेले असते. मग नायक-नायिकांची भेट घडवायची कोठे? त्यासाठी कल्पित नगरी, हरवलेले राजपुत्र, अरण्यातील मठ आणि चमत्कार लागतात. गुंजीकरांनी, आणि त्यांच्यानंतर ‘उषःकाल’कार हरिभाऊ आपटे यांनी, ही नगरी सोडून शिवकाल निवडला, ही मोठीच प्रगती होय. तरी अडचणीचे उत्तर त्याच दिशेचे राहिले. प्रेमाला आजच्या घरात जागा नाही, म्हणून ती कालच्या गडावर शोधायची.

रिसबुडांच्या ‘आपण हिंदू लोक’ या शब्दांत कोण येत होते, हा प्रश्न मात्र विचारला गेला नाही. मुंबईच्या उत्तरेस, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या वारली पाड्यांत बालविवाहाची ती चाल नव्हती. तरुण-तरुणी वयात आल्यावर परस्परांच्या संमतीने एकत्र राहू लागत. लग्नविधीला लागणारा खर्च जुळेपर्यंत वर्षे लोटत, आणि मुले झाल्यावर आई-वडिलांनी लग्न लावून घेणे यात कोणाला नवल वाटत नसे. लग्न लावणारी पुरोहित स्त्री असे. तिला धवलेरी म्हणतात. प्रणयकथेला जे लागते ते सारे येथे होते. फक्त वाचणारा आणि लिहिणारा वर्ग येथे नव्हता.

‘डहाणू रोड’

या परिसरावरची ज्ञात कादंबरी मराठीत नाही. अनोश इराणी हे मुंबईत जन्मलेले व 1998 मध्ये कॅनडात स्थायिक झालेले लेखक. त्यांची ‘डहाणू रोड’ ही इंग्रजी कादंबरी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. पश्चिम रेल्वेच्या स्थानकाचेच नाव तिला दिलेले आहे.

कथेचा सांगाडा असा. झैरोस हा डहाणूतील चिकूच्या वाडीचे मालक असलेल्या इराणी कुटुंबातील तरुण. वाडीवर काम करणाऱ्या गणपत नावाच्या वारली माणसाने गळफास घेतलेला त्याला आढळतो. गणपतची मुलगी कुसुम हिच्याशी त्याचा परिचय होतो आणि परिचयाचे रूपांतर प्रेमात होते. दुसरीकडे झैरोसचे आजोबा शापूर इराणी यांची कहाणी उलगडत जाते. इराणातून जीव वाचवून आलेले त्यांचे घराणे, डहाणूच्या जंगलात उभी राहिलेली वाडी, आणि त्या वाडीच्या पायाखाली गाडलेले जुने कृत्य. नातवाला आजोबांचे रहस्य कळत जाते तसतसे त्याचे प्रेम त्याचे एकट्याचे राहत नाही.

येथे इतिहास आहे, प्रणय आहे, आणि भूतही आहे. ते बांबूच्या बेटात दिसणारे भूत नव्हे. मेलेला माणूस जिवंतांच्या व्यवहारात हिशेब मागत राहतो, या अर्थाने ते भूत आहे. इराणी लोकांचे डहाणू-घोलवड परिसरातील वास्तव्य आणि त्यांनी वाढविलेल्या चिकूच्या बागा हा या भागाचा दृश्य इतिहास होय. घोलवडच्या चिकूला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. स्वतः छळाला कंटाळून परागंदा झालेला समाज नव्या भूमीत मालक होतो आणि तेथील मूळ रहिवाशाला मजूर करतो, हा विरोधाभास लेखकाने टाळलेला नाही. ही कादंबरीची जमेची बाजू.

तिची मर्यादाही तिच्या रचनेतच आहे. कथेचे केंद्र मालकाच्या ओसरीवर आहे. पाप कोणाच्या मनाला टोचते, रहस्य कोणाकडून कोणाला कळते, प्रेमाचा निर्णय कोण घेतो, या सर्व प्रश्नांची उत्तरे वाडीतल्या घरात सापडतात. गणपत कथेच्या आरंभीच मृत आहे. वारली माणूस भूत म्हणून कथेत येतो, निवेदक म्हणून येत नाही.

या ठिकाणी दोन परदेशी कादंबऱ्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. मेक्सिकोतील हुआन रुल्फो यांची ‘पेद्रो पारामो’ (1955) ही एका जमीनदाराची, त्याच्या अपुऱ्या प्रेमाची आणि त्याने उजाड केलेल्या गावाची कथा आहे. परंतु ती सांगणारे आवाज गावातल्या मेलेल्या माणसांचे आहेत. टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ (1987) मध्ये गुलामगिरीतून पळालेली आई आपल्या मुलीला पुन्हा गुलाम होऊ देण्याऐवजी मारते, आणि ती मुलगी परत येते. 1856 मध्ये मार्गारेट गार्नर या स्त्रीच्या बाबतीत घडलेली घटना त्या कथेच्या मुळाशी आहे. दोन्ही कादंबऱ्यांत मालकाचे कृत्य आहेच, पण भूत मालकाला दिसण्यासाठी येत नाही. ते आपल्या माणसांकडे येते. ‘डहाणू रोड’शी तुलना करता हा फरक लहान वाटत नाही.

लग्नगडी

या परिसरात ‘प्रणयकथेचा शेवट लग्नात होतो’ हा संकेतच उलटा लागू होतो. त्याचे कारण एका शब्दात सांगता येते. तो शब्द म्हणजे लग्नगडी.

लग्नाला देज द्यावे लागे, जेवण घालावे लागे, दारू लागे. पैसा सावकाराकडे किंवा जमीनदाराकडे. कर्ज घेऊन लग्न करणारा तरुण ते फिटेपर्यंत त्या मालकाचा गडी होई, आणि त्याची बायकोही त्याच घरी राबू लागे. कर्ज फिटत नसे. मजुरी इतकी नाममात्र, आणि हिशेबाची वही अशा माणसाच्या हातात, की फिटणे हा शब्द निरर्थक ठरे. नवऱ्याबरोबर नवरीवरही मालकाची सत्ता चाले. ती सत्ता किती दूरवर जाई याची वर्णने उपलब्ध आहेत आणि ती वाचवत नाहीत. मुंबई सरकारच्या वतीने डी. सायमिंग्टन यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या पाहणीतही या लग्नगड्यांची स्थिती नोंदविली गेली.

1945 च्या जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन झाले. 23 मे 1945 रोजी त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी वारल्यांची मोठी परिषद भरली. वेठबिगार नाकारण्याचा आणि लग्नगडी प्रथा मोडण्याचा निर्धार तेथे झाला, आणि त्यानंतर लोकांनी मालकांच्या वाड्यांवर जाऊन गड्यांना सोडवून आणले. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला; मृतांत जेठ्या गांगड हे होते. महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये 1960 मध्ये वेगळी झाल्यावर उंबरगाव तालुक्याचा जो भाग महाराष्ट्रात राहिला त्यातूनच आजची तलासरी उभी राहिली. तेथील सुमारे नव्वद टक्के लोकसंख्या आदिवासी आहे.

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे 1970 मध्ये प्रकाशित झालेले आणि 1972 च्या साहित्य अकादमी पुरस्काराने सन्मानित झालेले पुस्तक याच लढ्याचे आहे. ते आत्मकथनपर इतिहासलेखन आहे, कादंबरी नव्हे. तरीही डहाणू-तलासरीच्या भूतकाळाविषयी मराठी वाचकाला जे काही ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग या एका पुस्तकातून आलेला आहे. कादंबरीने सोडून दिलेली जागा या पुस्तकाने भरली, असे म्हणावयास हरकत नाही.

या तपशिलाचा आपल्या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा आहे. ‘मुक्तामाला’ परंपरेतील कथेत दुष्टाचे कारस्थान उधळले जाते, हरवलेले सापडतात आणि अखेरीस मंडपात अक्षता पडतात; वाचक पुस्तक मिटतो. 1940 साली डहाणूच्या एखाद्या पाड्यावर मंडपात अक्षता पडल्या, की वही उघडली जाई. अशा समाजातील ऐतिहासिक प्रणयकादंबरीला लग्नापासून सुरुवात करावी लागेल. तिच्यातील भयही अंधारातून येणार नाही. ते सकाळी कामावर बोलावणाऱ्या हाकेतून येईल.

बिनशिराचा स्वार

आता खुद्द लग्नमंडपाकडे वळू. वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर, गेरू-मातीने सारवलेल्या पृष्ठभागावर, तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. लिहिणाऱ्या सवाशिणी असतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी, भोवती सूर्य-चंद्र, शिडी, फणी, घोड्यावर बसलेले वधूवर. धवलेरीची गीते चालू असतात. चौक पूर्ण होईपर्यंत व देवतांना आवाहन होईपर्यंत लग्न लागत नाही.

या मोठ्या चौकाच्या शेजारी एक लहान देवचौक असतो. त्यात घोड्यावर बसलेला किंवा उभा असा एक वीर दिसतो. त्याला शिर नाही. मानेतून धान्याची पाच कणसे उगवलेली आहेत. हा पंचशिऱ्या देव.

बाहेरच्या वाचकाला बिनशिराचा स्वार म्हटले की वॉशिंग्टन अर्व्हिंग यांची 1820 ची गोष्ट आठवते. त्या गोष्टीत एक शाळामास्तर रात्रीच्या वेळी, प्रेयसीच्या घरून परतताना, अशाच स्वाराला भिऊन पळतो आणि प्रतिस्पर्ध्याचे लग्न सुकर होते. तेथे बिनशिराचा स्वार लग्न मोडतो. डहाणूच्या भिंतीवरचा स्वार लग्नाला साक्षी आहे. त्याच्या छिन्न मानेतून धान्य उगवते. मृत्यू, शेत आणि लग्न ही तीन वेगळी प्रकरणे नाहीत, असे ते चित्र सांगते. मेलेल्यांना वगळून येथे नवा संसार सुरू होत नाही. त्यांना बोलावले जाते, त्यांची जागा आखून दिली जाते.

याच्या तुलनेत कोकणातील प्रमाण मराठी भुतांची यादी पाहण्यासारखी आहे. मुंज झाली पण लग्न झाले नाही असा मुलगा मेला की मुंजा. बाळंतपणात गेलेली स्त्री अळवंत. द्रव्याच्या वासनेत अडकलेला तो समंध. प्रत्येक भूत म्हणजे मध्येच तुटलेला एक संस्कार होय, आणि बऱ्याचदा तो लग्नाशी किंवा वारशाशी निगडित आहे. थोडक्यात, भूत ही अपुरी राहिलेली प्रणयकथाच असते. फरक इतकाच, की मुंजाला पिंपळावर ठेवून त्याच्याखालून रात्री जाऊ नये असे सांगतात, आणि पंचशिऱ्याला लग्नघरात आणतात.

त्स्वेतान तोदोरोव यांनी 1970 मध्ये अद्भुताची जी व्याख्या केली, तिच्या केंद्रस्थानी वाचकाचा संभ्रम आहे. घडले ते निसर्गनियमाने की नियमाबाहेरचे, हे ठरविता न येणे म्हणजे अद्भुत. अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या कादंबऱ्यांत हा संभ्रम शेवटी तर्काने मिटवला जातो. भूत म्हणजे पडद्यामागचा माणूस निघतो. वारली घरात ही व्याख्या लागू करणे कठीण आहे. जेथे मृतांची उपस्थिती विधीचा भाग आहे, तेथे संभ्रम पात्राच्या मनात नसतो, फक्त बाहेरच्या निवेदकाच्या मनात असतो. म्हणून अशी कादंबरी लिहिणाऱ्याने ‘भूत खरे की खोटे’ या प्रश्नावर रहस्य उभारले, तर ते पहिल्या पानावरच परके ठरेल. खरे रहस्य ‘मेलेल्याचे काय देणे राहिले आहे’ हे आहे.

लग्नविधीतील ही चित्रकथा भिंतीवरून कागदावर आली ती 1970 च्या दशकात. गंजाडचे जिव्या सोमा मशे (1934–2018) यांनी सवाशिणींच्या विधिचित्राची भाषा घेऊन तिच्यात कथा सांगायला सुरुवात केली, आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रात जे घडले ते गद्यात घडले नाही. विधीतून कथेकडे जाणारी ही वाट मराठी कादंबरीला दिसली नाही, याचे आश्चर्य वाटते. (विक्रीयोग्य तरप्यांची वर्तुळे मात्र सर्वांना दिसली.)

भीमाची रात्र

प्रणय आणि रात्र यांची स्थानिक सांगड पाहावयाची तर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची आख्यायिका पुरेशी आहे. चैत्र पौर्णिमेपासून तेथे मोठी यात्रा भरते आणि जव्हारच्या मुकणे राजघराण्याच्या वतीने ध्वज चढविण्याची प्रथा आहे; म्हणजे राजसत्ता व देवी यांचे नाते अजून स्मरणात आहे. सांगतात, की वनवासातील भीमाने रात्री देवीला पाहिले आणि तिला मागणी घातली. देवीने अट घातली: एका रात्रीत सूर्या नदीला बांध घाल. भीमाने काम झपाट्याने सुरू केले. पहाटेपूर्वीच ते पुरे होणार असे दिसताच देवीने कोंबड्याची बांग दिली. रात्र संपली असे समजून भीम निघून गेला.

नको असलेला विवाह टाळण्यासाठी स्त्रीने रात्रच आखूड केली, अशी ही कथा आहे. सूर्या नदीवर पुढे धामणी येथे धरण झाले आणि त्यासाठी आदिवासींना गावे सोडावी लागली. एखाद्या कादंबरीकाराने या दोन बांधांमध्ये कथा उभी केली असती, तर तिला वेगळे भूत आणावे लागले नसते.

भूत आणि भुताळी

येथवर भुताविषयी सहानुभूतीने लिहिले. पण अध्यापक म्हणून एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे, कारण त्याची किंमत पुस्तकाबाहेर मोजावी लागते.

वारली श्रद्धाविश्वात मृताचे भूत आणि भुताळी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. भुताळी ही जिवंत स्त्री असते. मूल आजारी पडले, गुरे मेली, की भगताकडे विचारणा होते, आणि त्याने निर्देश केलेली स्त्री भुताळी ठरते. बहुधा ती म्हातारी असते, एकटी असते, कधी तिच्या नावावर थोडी जमीन असते. ज्या समाजात स्त्रीच्या तोंडून मंत्र निघाल्याशिवाय लग्न लागत नाही, त्याच समाजात स्त्रीच्या तोंडून निघालेला शब्द जीव घेतो असेही मानले जाते. मारहाण, वाळीत टाकणे, प्रसंगी हत्या, हे त्याचे परिणाम होत. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला त्यामागील कारणांत अशा घटनाही होत्या.

भूतकादंबरीचा लेखक या सीमारेषेकडे सहज दुर्लक्ष करतो. वातावरण गडद करण्यासाठी त्याला एक केस मोकळे सोडलेली म्हातारी लागते, आणि कथेच्या शेवटी ती खरोखरच करणी करणारी निघते. शहरातील वाचकासाठी तो एक थरार असतो. पाड्यावरच्या वाचकासाठी तो पुरावा असतो. मॉरिसन यांच्या कादंबरीत भूत कोणाकडे बोट दाखवते ते आठवावे: गुलामगिरीकडे. डहाणूच्या कथेत भूत लग्नगड्याच्या वहीकडे बोट दाखवू शकते, तलवाड्याच्या गोळीबाराकडे दाखवू शकते. ते शेजारच्या झोपडीतील विधवेकडे दाखवू लागले, तर लेखकाने भगताची जागा घेतली असे समजावे.

म्हणूनच ‘लोकसमजुतींचा आदर’ आणि ‘अंधश्रद्धा निर्मूलन’ अशा दोन छावण्यांत हा प्रश्न विभागणे मला पटत नाही. पंचशिऱ्याला तर्काने खोडून काढण्याची गरज नाही, कारण तो कोणाला मारीत नाही. भुताळीच्या कल्पनेला साहित्यिक सौंदर्य म्हणून जपण्याचीही गरज नाही.

वर्गातील परिस्थिती

या दोन तालुक्यांतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी वारली बोली बोलली जाते. प्रमाण मराठी ही त्यांची शिकण्याची भाषा. ‘अद्भुतरम्य’ ही संज्ञा फळ्यावर लिहून तिची लक्षणे सांगितली, की ती वहीत उतरते. त्यांतील ‘अलौकिक पात्रे’ या लक्षणाखाली आपल्या घरातील देवचौक येतो की नाही, हा प्रश्न विद्यार्थी विचारीत नाहीत. कारण विचारला तर आपण मागासलेले ठरू अशी धास्ती असते. संज्ञा अशी लाज उत्पन्न करीत असेल तर दोष संज्ञेचा आहे.

‘मंजुघोषा’ची प्रस्तावना शिकवताना तिच्यासमोर वारली लग्नपद्धतीचे वर्णन ठेवावे, ‘डहाणू रोड’चे पहिले प्रकरण आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मधील लग्नगड्यांविषयीची पाने एकत्र वाचावीत, इतके प्रचलित अभ्यासक्रमाच्या चौकटीतही शक्य आहे. इंग्रजी व मराठी विभागांनी एकत्र बसावे लागेल, हे खरे. अनेक महाविद्यालयांत ही अट भीमाच्या बांधाइतकीच अवघड आहे.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे. धवलेरीची गीते आणि रात्रभर चालणाऱ्या कणसरीच्या कथा या परंपरेतील जुनी निवेदने होत. मेलेल्यांना, पिकाला आणि नवरा-नवरीला एकाच ओळीत बसवणारी निवेदनशैली कोणा कादंबरीकाराला हवी असेल तर ती तेथे आहे. गाणाऱ्या स्त्रिया वृद्ध झाल्या आहेत, आणि आता मंडपात ध्वनिक्षेपक व बॅंजो आल्यामुळे गीते आखूड होत आहेत. शब्द लिहून घेताना बोली सुधारून प्रमाण करण्याचा मोह टाळावा. कोण गाते, कोणाच्या लग्नात, चौक कोणी लिहिला, हेही टिपावे. कार्यालयात बोलावून ही गीते ऐकता येत नाहीत, कारण मंडप व चौक नसताना ती म्हणायची नसतात, असे मानले जाते. लग्नसराई चैत्र-वैशाखात येते, आणि विद्यापीठाच्या परीक्षाही त्याच सुमारास असतात. वेळापत्रकाची ही अडचण विभागप्रमुखांनी आधीच्या सत्रातच सोडवून ठेवावी लागेल.